सात वर्षं, ८५ हजार किलोमीटर: छोट्या सेडानवर पुढचा खर्च कुठे करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर असलेली छोटी सेडान, वय सात वर्षं, ८५ हजार किलोमीटर झालेले. खराब रस्त्यावर पुढून खडखड येते. मायलेज लिटरला १७ वरून १४ वर आलंय. सर्व्हिसला दिली तर दोन्ही शॉक, चारही टायर, क्लच, इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्बनायझेशन (इंजिनातली काजळी काढणं) आणि अंडरबॉडी कोटिंग अशी यादी हातात पडली. गाडी दीड लाख किलोमीटरपर्यंत वापरायची आहे, तर यातलं काय करायचं आणि काय सोडायचं?

गाडी ठेवा. या वर्गातलं साधं पेट्रोल इंजिन वेळेवर ऑइल मिळालं तर दीड लाखाला सहज पोचतं. स्वस्त गाडी बनवताना पैसे वाचवले जातात ते बुश (धातूच्या दोन भागांमधली रबरी उशी), माउंटिंग, रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या, होज आणि वायरिंगची आवरणं अशा ठिकाणी. या वस्तू किलोमीटरने कमी आणि वर्षांनी जास्त म्हाताऱ्या होतात. म्हणून सात वर्षांच्या गाडीकडे बघताना ओडोमीटरइतकंच कॅलेंडर बघावं लागतं. ‘गाडी फार फिरलेली नाही, म्हणजे सगळं ठणठणीत’ हा हिशोब रबराला लागू पडत नाही.

आता खडखड. ‘दोन्ही शॉक बदला’ हा गॅरेजला सगळ्यात सोपा पडणारा सल्ला आहे आणि बरेचदा आवाज तिथून येतच नसतो. शॉक गेला की आवाजाआधी गाडीची वागणूक बदलते. स्पीड ब्रेकर उतरल्यावर ती एकदा दबून स्थिर होण्याऐवजी दोन-तीनदा झुलते, टायरच्या पट्ट्यावर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झिजलेले डाग दिसतात आणि स्ट्रटच्या (स्प्रिंगसह बसवलेल्या पुढच्या शॉकच्या) अंगावर ऑइलचा ओघळ उतरलेला असतो. धूळ धरलेला हलका ओलसरपणा चालतो. ओघळ असेल तर मात्र शॉक संपला, आणि तो बदलायचा तर एका ॲक्सलवरची जोडीच बदलायची.

आवाज नक्की कुठला हे बऱ्याच अंशी रस्ताच सांगतो. कमी वेगात, एका बाजूला खड्डे असलेल्या रस्त्यावर कटकट येते, पण रुंद आडव्या स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली की येत नाही, असं असेल तर आधी स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या बारला चाकाशी जोडणारी छोटी दांडी) बघा. दोन्ही चाकं सारखी उचलली गेली की स्टॅबिलायझर बार पिळला जात नाही, लिंकवर जोर येत नाही आणि ती गप्प बसते. हा भाग स्वस्त असतो, दोन नटांचं काम असतं आणि पुढच्या खडखडीत बहुतेक वेळा दोषी हाच निघतो. नट सोडताना बॉलची दांडी सोबत फिरते, म्हणून तिच्या टोकातल्या खाचेत ॲलन की धरून नट फिरवावा लागतो. गंजलेला असेल तर आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा.

रिव्हर्समध्ये हळू जाऊन ब्रेक मारला, मग पुढे येऊन ब्रेक मारला आणि दर वेळी एकच जाड ‘ठक्’ आला, तर लोअर आर्मचा (चाक खालून गाडीला जोडणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश फाटलेला असण्याची शक्यता जास्त. सोबत ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टंग’ आवाज आला तर तो स्ट्रटच्या वरच्या माउंटचा किंवा त्यातल्या बेअरिंगचा. त्याच खराब रस्त्यावर ब्रेक पेडलवर हलका पाय ठेवताच खडखड थांबत असेल तर सस्पेन्शनला हातच लावू नका, कॅलिपर किंवा पॅड सैल आहेत. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर ॲक्सिलरेटर देताना ‘कट-कट-कट’ आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवणारा सांधा), आणि त्याचं रबरी बूट फाटून आतलं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. बूट नुकतंच फाटलेलं असताना ते आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो. आवाज सुरू झाल्यावर वाचत नाही.

वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर वेगळी. ती चाकाच्या बेअरिंगची. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, त्यामुळे डाव्या वळणावर घरघर वाढली तर उजवं बेअरिंग तपासा. पण झिजलेला टायरही अगदी असाच आवाज करतो, म्हणून आधी पुढची चाकं मागे टाकून बघा. आवाज मागे गेला तर बेअरिंगचा खर्च वाचला.

गाडी स्टँडवर घेतल्यावर (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये) चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा सांधा). मग ९ आणि ३ वर धरून हलवा: तिथला खेळ स्टिअरिंगच्या भागांचा, म्हणजे टाय रॉड एंडचा किंवा रॅकच्या आतल्या जॉइंटचा असतो. या सगळ्या भागांत बॉल जॉइंट तेवढा ‘बघू पुढच्या सर्व्हिसला’ म्हणण्यासारखा नाही. तो निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं.

लोअर आर्मच्या कामात एक चूक इतक्या सर्रास होते की तिच्यासाठी कामाच्या वेळी समोर उभं राहावं. बहुतेक गाड्यांत या बुशचं रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली येताच ते पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. मग नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष पार्टला दिला जातो. बरोबर पद्धत अशी: बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचा भार चाकांवर घ्यायचा, गाडी दोन-तीनदा दाबून बसू द्यायची आणि मग ठरलेल्या टॉर्कने आवळायचं. स्ट्रट काढताना वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू नये, नव्या शॉकची दांडी आत फिरून सील खराब होतं. स्ट्रट, आर्म किंवा टाय रॉड यांतलं काहीही सुटलं की शेवटी व्हील अलाइनमेंट करायचीच, आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेली प्रिंट मागून घ्यायची.

मायलेजकडे वळू. १७ वरून १४ म्हणजे जवळजवळ १८ टक्के घट, आणि एवढी घट सहसा एका कारणाने होत नाही. आधी खरोखर तेवढी आहे का ते मोजा. टाकी ऑटो-कटपर्यंत भरा, नेहमीसारखी तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून काढलेला अंदाज असतो, तो हिशोबाला धरू नका. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण मध्यंतरी वाढलं असेल तर तेही लक्षात घ्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी. ही घट कुठलंही क्लीनिंग भरून काढणार नाही.

त्यानंतर फुकटच्या तपासण्या. हवा थंड टायरमध्ये, दरवाजाच्या खांबावर लावलेल्या तक्त्याप्रमाणे. मग ब्रेक अडकतात का ते बघा: फार ब्रेक न मारता आठ-दहा किलोमीटर जाऊन थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या, रिमला हात लावू नका. एकच चाक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. पुढे कारण बहुधा कॅलिपरच्या स्लाइड पिनचं सुकलेलं ग्रीस असतं. पिन काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट अडकते. मागच्या ड्रमला हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली असू शकते, विशेषतः गाडी हँडब्रेक ओढून आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर.

एवढं करूनही मायलेज वाढत नसेल तर साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावा आणि एररचे कोड वाचून न थांबता चालू आकडेही बघा. कूलंटचं तापमान वीस मिनिटं चालवल्यावरही ७० च्या आसपास घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला हवा. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि बऱ्याच स्वस्त गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता निळा-लाल दिवा असतो, म्हणून हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात सतत करत असलेली दुरुस्ती) अधिक १० टक्क्यांच्या पुढे असेल तर कुठेतरी बिनमोजणीची हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. उणे १० च्या खाली असेल तर मिश्रण जाड आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे. दोन्ही दिशांना पाच टक्क्यांच्या आत असेल तर इंजेक्टर क्लीनिंगचं पान यादीतून फाडायला हरकत नाही.

डिकार्बनायझेशनही तसंच. ज्या इंजिनात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये फवारलं जातं, तिथे व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलनेच धुतली जाते. काजळी साचण्याची खरी तक्रार डायरेक्ट इंजेक्शनवाल्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांची. आयडलिंग वर-खाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करा, तेवढं काम अर्थपूर्ण आहे. त्यानंतर आयडल पुन्हा शिकवण्याची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असेल तर ती करावी. साधे निकेलचे स्पार्क प्लग ३०-४० हजार किलोमीटरला बदलायचे असतात, इरिडियमचे एक लाखाच्या आसपास. प्लग थंड इंजिनात काढा आणि नवे आधी हातानेच फिरवून बसवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर प्लगची बचत शंभरपट महागात पडते.

यादीत जे नाही आणि जे आधी असायला हवं होतं, ते म्हणजे कूलिंग. दीड लाखाचं स्वप्न मोडणारा सगळ्यात मोठा शत्रू एकच: एकदा झालेलं ओव्हरहीट. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, गॅस्केट जातं आणि मग गाडी विकावी की दुरुस्त करावी असा प्रश्न येतो. त्याची सुरुवात मात्र अगदी किरकोळ असते. रेडिएटरची प्लास्टिक टाकी आणि ॲल्युमिनियमचा गाभा जिथे दुमडून जोडलेत त्या सांध्यावर पांढरट किंवा गुलाबी खरपुडी दिसते का ते टॉर्च मारून बघा. कूलंट झिरपून सुकला की तशीच खूण राहते. होज थंड असताना दाबा. दगडासारखा कडक किंवा क्लिपजवळ स्पंजासारखा मऊ, दोन्ही बदलण्याचेच. रेडिएटरच्या कॅपचं रबर चिरलंय का बघा. कॅप साधारण एक बार दाब धरते आणि त्या दाबामुळेच कूलंट उशिरा उकळतो. कॅप दाब सोडू लागली तर बाकी सगळं ठीक असूनही चढावर गाडी तापते.

कूलंटचा रंग बघून भर घालू नका, रंग कंपनीगणिक बदलतो. डब्यावरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळवा. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, प्री-मिक्स असेल तर पाण्याचा थेंब नको. छोट्या इंजिनात पाच लिटरच्या आसपास कूलंट मावतो, पण रेडिएटरचा प्लग उघडल्यावर तेवढा निघत नाही, उरलेला ब्लॉकमध्ये राहतो. म्हणून आधी नळाचं पाणी टॉप-अप केलेलं असेल तर डिस्टिल्ड पाण्याने दोनदा भरून-काढून मग नवा घालावा. भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं: हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन चालू ठेवा, फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या, आतून गरम हवा येते याची खात्री करा आणि थंड झाल्यावर लेव्हल बघा. लेव्हल कुठेही गळती न दिसता पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ब्लॉक टेस्टरने तपासणी करून घ्या. त्यातलं निळं द्रावण पिवळं झालं तर कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू येतोय, म्हणजे हेड गॅस्केट.

रस्त्यात तापमानाचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ असं करू नका. एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, सुरक्षित जागी बाजूला, इंजिन बंद. गरम कॅप उघडू नका.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि त्यामुळे लवकर उकळतं: डॉट ४ दर्जाचं कोरं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेल्याची मर्यादा १५५ इतकी खाली येते. घाटात पेडल अचानक स्पंजासारखं होतं ते यामुळे. ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं) करताना जुन्या गाडीचं पेडल जमिनीपर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचं सील एरवी जिथे पोचत नाही त्या गंजलेल्या भागावर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं.

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडी तारीख असते; २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडीबरोबर आलेले टायर असतील तर ते सात वर्षांचे झालेत आणि नक्षी शिल्लक असली तरी बदलावेत. यादीतला हा मुद्दा मला पटतो. झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, पण पावसात पकड ३ मिलिमीटरच्या खालीच घसरू लागते. फक्त दोन टायर घ्यायचे झाले तर नवे मागे लावा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी सावरणं अवघड असतं.

क्लच घासतो की नाही हे गॅरेजच्या सांगण्यावरून ठरवू नका. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० वरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच गेला. दोन्ही सोबत वाढले तर तो आहे तसा वापरा. पेडल नुसतं जड झालं असेल तर आधी केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर बघा. बदलायची वेळ आलीच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र, सोबत गिअर ऑइलही. खर्च पार्टपेक्षा गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, तो दोनदा द्यायचा नाही.

टायमिंग बेल्ट आहे की चेन हे मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल तर किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्याला बदलायचा, कारण तो तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर त्याच वेळी बदलून घ्या. चेन असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड होते का तेवढं ऐकत राहा, आणि ऑइल बदलायला उशीर करू नका. चेन ताणली जाते ती बहुधा जुन्या, पातळी उतरलेल्या ऑइलमुळे.

सेडानची म्हणून एक खास जागा आहे जी यादीत कधीच येत नाही: डिकीच्या झाकणाकडे जाणारी वायरची जुडी. बिजागरीजवळ ती रोज वाकते आणि सहा-सात वर्षांत आतल्या वायरचं आवरण तडकतं. नंबर प्लेटचा दिवा जातो, तिसरा ब्रेक लाइट कधी लागतो कधी नाही, डिकी बटणाने उघडत नाही किंवा एखादा फ्यूज वारंवार उडतो. दिवे आणि स्विच बदलण्याआधी त्या जुडीवरचं रबर मागे सारून बघा. तुटलेल्या वायरला लवचीक वायरचा तुकडा सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवला की काम झालं. चिकटपट्टीचा जोड तिथे पुन्हा तुटतो. तिथेच आहात तर स्टेपनी उचला. खालच्या खळग्यात पाणी दिसलं तर बहुधा टेल लॅम्पचं गॅस्केट किंवा डिकीचं रबर गळतंय, आणि खळग्याच्या तळातला गंज अंडरबॉडी कोटिंगने थांबणार नाही. गंजावर कोटिंग मारलं तर ओल आत अडकते आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

खर्चाचा क्रम असा ठेवा: बॉल जॉइंटची तपासणी, टायर आणि ब्रेक ऑइल लगेच, कूलंट, होज, कॅप आणि बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट त्याच महिन्यात, लिंक आणि बुश त्यानंतर, टेस्ट करून जे सापडेल तेवढेच. शॉक आणि क्लच वर दिलेल्या खुणा दिसल्या तरच. इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्बनायझेशन आणि कोटिंग रद्द. गॅरेजमध्ये गाडी देताना ‘पुढून आवाज येतो’ एवढं सांगून निघू नका. मेकॅनिकला शेजारी बसवून तो आवाज काढून दाखवा, जॉब कार्डवर ‘तपासून कळवणे, विचारल्याशिवाय बदलू नये’ असं लिहून घ्या आणि काढलेले जुने पार्ट परत मागा.